रूपकातला घोडा, मैदानातला घोडा

पदव्युत्तर वर्गाला रूपक शिकवताना गेली अठरा वर्षे आम्ही एकाच उदाहरणापासून सुरुवात करीत आलो आहोत. ते उदाहरण म्हणजे कठोपनिषदातील रथ. शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे. उदाहरण मोठे सोयीचे आहे. फळ्यावर दोन रकाने आखून उपमेय आणि उपमान समोरासमोर मांडता येतात, आणि विद्यार्थ्यांना ते लगेच पटते. तेथून मराठीच्या रोजच्या व्यवहाराकडे वळणेही सोपे जाते. जिभेला लगाम, खर्चाला लगाम, बेलगाम वक्तव्य, अडेलतट्टू, नाठाळ, उधळलेला, रग जिरवणे : भाषेत घोडा किती खोलवर शिरला आहे, हे विद्यार्थीच मग हौसेने सांगू लागतात. तास रंगतो आणि संपतो. आम्ही दोघांनीही आयुष्यात कधी लगाम हातात धरलेला नाही, ही गोष्ट या अठरा वर्षांत कोणाच्या ध्यानात आली नाही. आम्हालाही ती कधी खटकली नाही.

ती खटकली गेल्या वर्षी मे महिन्यात. आमचा धाकटा भाऊ जर्मनीत लोअर सॅक्सनी प्रांतात नोकरीनिमित्त स्थायिक झालेला आहे. त्याच्या घरापासून फेर्डन हे गाव फार दूर नाही. हानोवर जातीच्या घोड्यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. आमची पुतणी तिथल्याच एका लहानशा अश्वशाळेत ड्रेसाज शिकते. ड्रेसाज या शब्दाच्या मुळाशी फ्रेंचमधले शिकवणे, वळण लावणे असा अर्थ असलेले क्रियापद आहे. वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब अशा आखीव मैदानात घोडा आणि स्वार मिळून ठरावीक हालचाली करतात. बाहेरून पाहणाऱ्याला स्वार काहीच करीत नाही असे वाटावे, हे या विद्येचे ध्येय. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकपासून तिला स्पर्धेचे रूप आले.

पुतणीकडे त्या वेळी साडेचार वर्षांचा एक तपकिरी घोडा शिकवायला दिलेला होता. उंचापुरा, सुमारे सहाशे किलो वजनाचा, डोळ्यांत चमक आणि अंगात मावत नसलेली ताकद. पहिल्या दिवशी आम्ही जे पाहिले ते आमच्या फळ्यावरच्या रूपकाशी तंतोतंत जुळणारे होते. घोडा दुडकी चालता चालता वेग वाढवीत होता, मान पुढे ताणून लगामावर सगळा भार टाकीत होता. ती मागे रेलून दोन्ही हातांनी लगाम ओढीत होती. ती जितकी ओढी तितका तो पुढे ढकले. सहाशे किलोंच्या विरुद्ध पंचावन्न किलो, अशी ती कुस्ती होती. दहा मिनिटांत मुलगी घामाने निथळली. घोडा मात्र ताजातवाना होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आम्हा दोघांच्या मनात एकच शब्द होता : याची रग जिरवायला हवी.

तिच्या शिक्षिका साठीच्या घरातल्या. त्यांनी मैदानाच्या मध्यभागी उभ्या राहून जे सांगितले, त्याने आम्ही चकित झालो. त्यांनी मुलीला लगाम सोडायला सांगितले. पूर्ण नव्हे आणि कायमचा नव्हे. वीस मीटरच्या वर्तुळावर चालताना दोन-तीन पावलांपुरते दोन्ही हात घोड्याच्या मानेवरून पुढे न्यायचे आणि परत जागेवर आणायचे. जर्मन भाषेत या कृतीला यूबरश्ट्रायशन असे नाव आहे. पहिल्या खेपेस घोडा चक्क अडखळला. ज्या हातावर तो रेलला होता तो हातच नाहीसा झाला होता! दुसऱ्या पावलाला त्याने मागचे पाय पोटाखाली घेतले आणि स्वतःला सावरले. क्षणभरच, पण सावरले. त्या क्षणी शिक्षिकेने मोठ्याने शाबासकी दिली. ती घोड्याला होती की मुलीला, हे आम्हाला कळले नाही.

"काकू, तो मला ओढत नव्हता," संध्याकाळी पुतणी म्हणाली. "त्याला चारच पाय आहेत ना, मी त्याला पाचवा दिला होता. मग तो त्याच्यावर उभा राहणारच."

या वाक्यात सगळे अश्वशास्त्र आहे, हे आम्हाला नंतर वाचताना कळत गेले. घोड्याच्या शरीराची ठेवणच अशी की नुसता उभा असताना त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग, साधारण तीन पंचमांश, पुढच्या पायांवर असतो. पाठीवर माणूस बसला की पुढचा भार आणखी वाढतो. प्रौढ, शिकलेला घोडा मागचे पाय अधिक खाली घेऊन हा भार मागे वाहतो. पण त्यासाठी लागणारे स्नायू वर्षानुवर्षांच्या मेहनतीने घडतात. कोवळ्या घोड्याजवळ ते नसतात. पुढे झुकलेला माणूस पडू नये म्हणून जसा धावत सुटतो, तसा तोही तोल सावरण्यासाठी वेग वाढवतो. आपण त्याला म्हणतो, हट्टी आहे, हाताबाहेर गेला आहे. पुष्कळदा तो फक्त पडण्याच्या बेतात असतो. शिवाय अडीच ते साडेचार-पाच वर्षांच्या काळात त्याचे दुधाचे दात पडून नवे येत असतात, आणि दातांमधल्या ज्या मोकळ्या हिरडीवर लगामाची लोखंडी कडी टेकते तिथेच हा सगळा प्रकार चाललेला असतो. पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालू असते. खोगीर बोचत असेल, खुराक अधिक आणि मोकळे फिरणे कमी असेल, तर तेही लगामावरच व्यक्त होते. म्हणून जाणता शिक्षक आधी दात, पाठ, खोगीर आणि दाणा तपासतो. स्वभावाचा विचार त्यानंतर करतो.

मग या ताकदीचे करायचे काय? तिला दाबायचे नाही, आणि मोकाटही सोडायचे नाही. तिला काम द्यायचे. सरळ रेषेत पळणारा घोडा वर्तुळावर घेतला की त्याला आतला मागचा पाय खाली घ्यावाच लागतो, आणि वेग आपोआप उतरतो. आमच्या जुन्या मराठीत घोड्याला असे मंडलाकार फिरवण्याला कावा म्हणत. गनिमी कावा हा शब्दप्रयोग आपण सर्रास वापरतो. त्यातला कावा मुळात घोड्याच्या पायांनी आखलेले वर्तुळ आहे, याचा आम्हा मराठीच्या प्राध्यापकांनाच विसर पडला होता. वर्तुळाबरोबर येतात ती चालीची स्थित्यंतरे. दुडकीवरून चाल, चालीवरून दुडकी, पुन्हा थांबा, पुन्हा दुडकी. दहा-बारा पावलांच्या अंतराने. घोडा पुढे काय येणार म्हणून स्वाराचे ऐकू लागतो, आणि प्रत्येक बदलात त्याचा मागचा भाग थोडा अधिक भार उचलतो.

या सर्वांचा कणा म्हणजे एक सूक्ष्म कृती. इंग्रजीत तिला हाफ-हॉल्ट आणि जर्मनमध्ये हाल्ब पराडे म्हणतात. स्वार क्षणभर कंबर स्थिर करतो, मांडीने आणि पोटरीने घोड्याला जवळ घेतो, हाताची मूठ मिटतो, आणि लगेच सोडतो. घोडा थांबत नाही; तो सावध होतो, तोल सावरतो आणि पुढच्या पावलासाठी सिद्ध होतो. शब्दशः भाषांतर केले तर ते होईल अर्धा थांबा. पण आमच्याजवळ त्याहून नेमका शब्द आहे : अर्धविराम. वाक्य थांबलेले नाही, संपलेलेही नाही. मागचा अर्थ गोळा करून पुढचा अर्थ पेलण्यासाठी घेतलेला तो श्वास आहे. लगाम म्हणजे पूर्णविराम, असे आम्ही आजवर समजत होतो. ही विद्या अर्धविरामांवर चालते. आणि त्यातही सोडण्याचा क्षण पकडण्याच्या क्षणाहून महत्त्वाचा असतो. दाब कमी झाला हेच घोड्याला मिळालेले उत्तर असते. त्यावरून तो शिकतो की आपण केले ते बरोबर होते. ज्याचा हात कधीच सुटत नाही, त्याच्याकडून घोडा एवढेच शिकतो की या हाताला काही अर्थ नाही.

येथे साहित्याच्या अभ्यासकांना विचार करायला लावणारी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात, एकाच अथेन्समध्ये, सॉक्रेटिसाच्या सहवासात घडलेल्या दोन समकालीनांनी घोड्यावर लिहिले. प्लेटोने 'फीड्रस' या संवादात आत्म्याचे रूपक मांडले : एक सारथी, एक गुणी घोडा आणि एक उद्दाम घोडा. त्या रूपकातला सारथी उद्दाम घोड्याचा लगाम इतक्या जोराने मागे खेचतो की त्याची जीभ आणि जबडे रक्तबंबाळ होतात. असे पुनःपुन्हा झाल्यावर तो घोडा भयाने नमतो, आणि आत्म्याचा प्रवास सुकर होतो. दुसरा लेखक झेनोफन. तो स्वतः घोडदळातला, परमुलखात अडकलेल्या ग्रीक सैन्याला माघारी आणणाऱ्या सेनानींपैकी एक. त्याने अश्वारोहणावर एक छोटा ग्रंथ लिहिला आणि त्यात तेजस्वी, तापट घोड्याचा स्वतंत्र विचार केला. त्याचे म्हणणे असे की घोड्यातला हा आवेश म्हणजे माणसातला क्रोध. न डिवचलेला माणूस जसा सहसा रागावत नाही तसेच घोड्याचे. अशा घोड्याला टोकदार लगामापेक्षा मऊ लगाम बरा, आणि त्याला दामटून, थकवून वठणीवर आणू पाहणारा स्वार चुकतो. रग जिरवण्याच्या कल्पनेवर इतका नेमका आघात दुसरीकडे कुठे आमच्या वाचनात आलेला नाही.

दोघांपैकी कोणाचा घोडा जगाच्या वाङ्मयात टिकला? प्लेटोचा. झेनोफनचा ग्रंथ घोडेवाल्यांकडे राहिला, आणि प्लेटोचे रूपक तत्त्वज्ञांकडे, धर्मोपदेशकांकडे, शिक्षकांकडे गेले. रूपककर्त्याला घोड्याच्या तोंडातले रक्त परवडते, कारण तो घोडा कागदावरचा असतो. ज्याला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घोड्यावर बसायचे असते, त्याला ते परवडत नाही. आमच्या मते रूपकाच्या अभ्यासात हा प्रश्न विचारलाच जात नाही : ज्याच्यावरून रूपक घेतले, त्या वस्तूला त्या रूपकाची किंमत मोजावी लागते का?

पुढचा इतिहास या दोन घोड्यांमधल्या झगड्याचाच आहे. नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोने याचा ग्रंथ १५५० साली प्रसिद्ध झाला आणि युरोपभर गाजला. त्यात न चालणाऱ्या घोड्यासाठी काठीच्या टोकाला मांजर बांधून ते त्याच्या अंगाशी नेण्यासारखे उपाय आहेत. त्यानंतर दोन-तीन पिढ्यांनी आंत्वान द प्ल्यूव्हिनेल हा फ्रान्सच्या तेराव्या लुईचा अश्वगुरू झाला. त्याचा ग्रंथ राजा आणि गुरू यांच्या संवादाच्या रूपात आहे. घोड्याची बुद्धी वापरा, त्याला कमी दुखवा, लाड योग्य वेळी करा, असे तो बालराजाला समजावतो. १७३३ मध्ये ला गेरिनिएरचा ग्रंथ पूर्ण रूपात आला. खांदा आत घेऊन घोड्याला तिरपे चालवण्याची जी कवायत त्याने सांगितली, ती आजही ताकदवान घोड्याला मऊ करण्याचे मुख्य साधन आहे. व्हिएन्नाची स्पॅनिश अश्वशाळा आजही त्याचीच परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या गुस्टाव श्टाइनब्रेश्टने घोड्याला पुढे चालते ठेवणे आणि सरळ करणे यावर भर दिला. १९१२ च्या जर्मन घोडदळाच्या नियमपुस्तिकेच्या परंपरेतून पुढे शिक्षणाच्या सहा पायऱ्यांची मांडणी रूढ झाली : लय, सैलपणा, लगामाशी जुळलेले नाते, उसळी, सरळपणा आणि शेवटी एकवटलेपण. लक्षात घ्यावे, लय पहिली आहे आणि लगाम तिसरा. आमच्या फळ्यावर लगाम पहिला होता.

व्हिएन्नाच्या शाळेचे दीर्घकाळ संचालक असलेले आलोइस पोधाय्स्की यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. पुढे त्यांनी आपल्या घोड्यांवर एक आठवणींचे पुस्तक लिहिले, आणि त्याच्या शीर्षकातच घोड्यांना आपले गुरू म्हटले. मराठीतला जुना शब्द याच्या नेमका उलट्या टोकाला आहे. घोड्याला शिकवणाऱ्या माणसाला आपण चाबुकस्वार म्हणत आलो. त्याच्या हातात जे असेल त्यावरून त्याचे नाव पडले; त्याच्या मांडीखाली जे घडत होते त्यावरून पडले नाही.

ताकदीला ताकदीने उत्तर द्यावे लागते, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे उदाहरण पुरेसे व्हावे. १९४४ मध्ये त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे दोन्ही पाय निकामी झाले. घोड्यावर चढायला आणि उतरायला त्यांना माणसाची मदत लागे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजची स्पर्धा लष्करी अधिकाऱ्यांपलीकडे, स्त्रियांनाही, प्रथमच खुली झाली. आणि ज्युबिली या घोडीवर बसून त्यांनी रौप्यपदक मिळवले. १९५६ मध्ये पुन्हा मिळवले. पोटरीचा दाब आणि टाच ही स्वाराची मुख्य साधने मानली जातात. तीच ज्यांच्याजवळ नव्हती, त्यांच्याशी घोडी बोलत होती ती पाठीतून, श्वासातून, वजनाच्या सूक्ष्म हालचालीतून.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की हा सगळा हळवेपणा आहे. धाकाशिवाय कोणी शिकत नाही. याला उत्तर त्या साठीच्या शिक्षिकेनेच दिले. तिसऱ्या दिवशी घोड्याने जमिनीवर उभे असताना पुतणीला खांद्याने ढकलले. शिक्षिकेने तत्क्षणी त्याला खडसावले, चार पावले मागे हटवले आणि पाचव्या क्षणाला जणू काही घडलेच नाही अशा आवाजात त्याच्याशी बोलू लागल्या. मर्यादा स्पष्ट होती, ताबडतोब होती, आणि तिच्यात राग शिल्लक नव्हता. सहाशे किलोंच्या जनावराला लाडावून ठेवणे ही दया नव्हे. तो उद्या कोणाला तरी चिरडेल आणि मग त्याचीच विल्हेवाट लागेल. सौम्यतेची परंपरा ढिलाईची परंपरा नाही. उलट ती अधिक कठोर आहे, फक्त तिचा कठोरपणा स्वाराच्या स्वतःच्या हातावर चालतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कठोर उपायांनी पदके मिळतात, मग परंपरेचे काय घेऊन बसलात? हे खरेच आहे. गेल्या काही दशकांत घोड्याची मान हनुवटी छातीला लागेपर्यंत वळवून ठेवण्याची रोलकुर नावाची पद्धत स्पर्धकांत पसरली. प्रखर टीकेनंतर २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने बळाने साधलेली अशी स्थिती अमान्य ठरवली. तरी वाद शमलेला नाही. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर ब्रिटनच्या शार्लट दुजार्डिन यांनी माघार घेतली. शिकवणी देताना घोड्याच्या पायांवर पुनःपुन्हा चाबूक मारतानाची त्यांची जुनी चित्रफीत उघड झाली होती. त्यांनी चूक मान्य केली, आणि महासंघाने त्यांना एक वर्षासाठी निलंबित केले. ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदके मिळवलेल्या, हलक्या हातासाठी नावाजलेल्या स्वाराच्या बाबतीत हे घडले, हे आम्हाला अधिक अस्वस्थ करते. वाईट माणसेच मारतात असे मानणे सोपे आहे. घाईतली माणसे मारतात, हे मानणे अवघड आहे. कारण त्यांत आपण येतो.

घाई हाच खरा रोग. तीन वर्षांचे घोडे लिलावात खोगिरासह मिरवतात. पाच, सहा आणि सात वर्षांच्या घोड्यांसाठी जागतिक अजिंक्यपदे आहेत. ज्या ताकदीला वळण लावायला सहा वर्षे लागायची तिने दीड वर्षात नमलेले दिसले पाहिजे. मग मान वाकवली जाते. वाकलेली मान दुरून आज्ञाधारकपणासारखी दिसते. पण घोडा लगामापासून मागे पळतो आहे, पाठ ताठरली आहे, मागचे पाय लांब राहिले आहेत, हे पाहायला शिकलेला डोळा लागतो. आपल्याकडेही आता या खेळाकडे लक्ष जाऊ लागले आहे. २०२३ मध्ये हांगझू येथील आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला यांनी सांघिक ड्रेसाजचे सुवर्णपदक आणले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांत हा शब्द प्रथमच मोठ्या अक्षरांत झळकला. आमच्या अश्वशाळांत येणाऱ्या पुढच्या पिढीने पदकाबरोबर ही घाईही आणू नये, एवढीच इच्छा.

हे सारे आम्ही का लिहीत आहोत, ते आता सांगायला हवे. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या विभागात एक मुलगा होता. कोरडवाहू गावातून आलेला, वाचनाने पेटलेला. चर्चासत्रात तो मध्येच बोले, मान्यवर समीक्षकांची मते उडवून लावी, निबंध बोलीत लिही. आणि त्या लेखनात एक अनावर वेग असे. ते बरेचदा घसरे, तोल जाई. आम्ही त्याचे लेख तीन-तीनदा परत केले. वार्षिक अंकातून त्याचा लेख वगळला. अंतर्गत गुण हातचे राखून दिले. शिक्षक-कक्षात चहा घेताना आम्ही म्हटलेले वाक्य आम्हाला आजही शब्दशः आठवते : याची जरा रग जिरली पाहिजे. ती जिरली. दुसऱ्या वर्षी तो वेळेवर येई, मान खाली घालून टिपणे घेई, आणि त्याच्या उत्तरपत्रिकेतली भाषा मार्गदर्शक पुस्तिकेसारखी नितळ झाली. त्याला प्रथम वर्ग मिळाला. मुलाला वळण लागले, असे आम्ही अभिमानाने सांगत असू. काही वर्षांनी तो एस.टी. स्थानकावर भेटला. वाकून नमस्कार केला. लिहितोस का, असे विचारल्यावर म्हणाला, "नाही सर. मॅडम, तुम्ही दोघांनी शिस्त लावलीत, त्याचा नोकरीत फार उपयोग होतो." आम्ही तेव्हा सुखावलो होतो.

फेर्डनच्या त्या मैदानाच्या कठड्याशी उभे असताना तो मुलगा आठवला, आणि आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. त्याचा वेग म्हणजे उद्दामपणा नव्हता. अंगात ताकद भरपूर आणि ती पेलणारे स्नायू अजून घडलेले नाहीत, अशी ती अवस्था होती. त्याला वर्तुळ हवे होते, स्थित्यंतरे हवी होती, अर्धविराम हवे होते. आम्ही पूर्णविराम दिला, आणि वाकलेल्या मानेला प्रथम वर्ग.

विद्यार्थी म्हणजे घोडा नव्हे, हे आम्हाला मान्य आहे; एका रूपकाची चूक दुसऱ्या रूपकाने दुरुस्त होत नाही. घोडा कधीच संमती देत नाही, म्हणून त्याच्या स्वाराची जबाबदारी अमर्याद असते. विद्यार्थी बोलू शकतो, विरोध करू शकतो, निघून जाऊ शकतो. पण म्हणूनच आमचा दोष अधिक गडद ठरतो. जो बोलू शकत होता त्याला आम्ही न बोलणारा केले. प्राध्यापक-वर्गातल्या आमच्या मित्रांना आमचे सांगणे इतकेच आहे की शिस्त आणि शरणागती या दोन गोष्टी दुरून एकसारख्या दिसतात. त्यांतला फरक ओळखण्याची एक जुनी कसोटी ही विद्या देते : हात पुढे न्यावा, लगाम दोन-तीन पावलांपुरता सोडावा, आणि समोरचा स्वतःच्या पायांवर चालतो की कोसळतो ते पाहावे. आमच्या किती प्रथम वर्गांची आपण अशी कसोटी घेतली आहे?

असो. पुतणीचा मागच्या महिन्यात दूरध्वनी आला होता. घोडा आता सहाव्या वर्षात आहे. वाऱ्याच्या दिवशी अजूनही जोर करतो. खांदा आत घेऊन चालणे त्याला डाव्या हाताला जमू लागले आहे, उजव्या हाताला अजून जमत नाही. शिक्षिका म्हणतात, आणखी तीन-चार वर्षे लागतील, आणि त्यात काही वावगे नाही.

या सत्रात आम्ही रूपकाचा तास पुन्हा त्याच रथाने सुरू केला. दोन रकाने आखले. मात्र या वेळी तिसरा रकाना आखून ठेवला आहे, आणि त्यात घोड्याला काय वाटत असेल ते विद्यार्थ्यांनी लिहायचे आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली की हा तक्ताच चुकीचा आहे. तिचे बोलणे आम्ही मध्ये तोडले नाही. ते बरेच लांबले, दोनदा भरकटले, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी चालू होते.